डोळे फुगेपर्यंत

आमच्या तासगाव तालुक्यात ब्लोअर म्हणजे द्राक्षबागेत औषध मारायचं यंत्र. मिनी ट्रॅक्टरच्या मागे ते जोडायचं, पीटीओ टाकायचा, म्हणजे इंजिनाचा जोर यंत्राला द्यायचा, आणि पंख्याच्या झोतावर औषध पानापानांत शिरवत एकेक ओळ धरायची. ऑक्टोबर छाटणी होऊन फूट बाहेर पडलेली असायची, आणि अशात आभाळ भरून आलं की वडिलांची, अण्णांची झोप उडायची. दावण्या रोगाला एक ओली रात्र पुरते. अण्णा पहाटे तीनला उठत. मी अंथरुणात पडून ऐकत असे. आधी सेल मारल्याचा आवाज, मग इंजिन धरल्याचा, मग पीटीओ टाकल्यावर जड झालेला, पोटातून आल्यासारखा. त्या जड आवाजावर मला पुन्हा झोप लागायची. अण्णा बागेत आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच तेव्हा कळायचं.

आता मी पन्नाशीला आलोय आणि पहाटे साडेतीनला मी उठतो. बाहेर शेडमध्ये छोटा ट्रॅक्टर उभा असतो, मागे ब्लोअरच असतो. हा ब्लोअर बर्फ उडवतो.

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याकडे उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. मी राहतो ते त्याच राज्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, शटॉकवा कौंटीत, एरी सरोवराच्या काठच्या टेकडीवर. नोकरीनं इथं आणलं. आल्यावर पहिल्याच शनिवारी खाली किनाऱ्याकडे गाडी घेऊन गेलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव दिसले. मैलोन्मैल. गाडी कडेला घेऊन मी बराच वेळ नुसता उभा होतो. हा काँकॉर्ड द्राक्षांचा पट्टा, पेनसिल्व्हेनियातल्या एरी शहरापासून इकडे बफलोच्या अलीकडपर्यंत सरोवराला धरून गेलेला, सुमारे ३० हजार एकरांचा. काळी, जाड सालीची, बियांची द्राक्षं, खाण्यापेक्षा रसासाठी. जवळच्या वेस्टफिल्ड गावात १८९७ साली वेल्च यांनी रसाचा कारखाना आणला, तेव्हापासून हा भाग द्राक्षाच्या रसावर उभा आहे. आमच्या थॉम्पसनशी किंवा तास-ए-गणेशशी तुलना नाही. पण वेल ती वेलच, आणि डोळे मोजत छाटणी करणारा माणूसही ओळखीचाच.

इथं द्राक्ष का येतं, याचं कारण सरोवर. शरद ऋतूत पाणी उशिरापर्यंत ऊब धरून ठेवतं, म्हणून पहिलं कडाक्याचं दहिवर लांबतं आणि घडांत साखर भरायला अवसर मिळतो. वसंतात तेच पाणी थंड राहून वेलीला लवकर फुटू देत नाही, म्हणून कोवळी फूट शेवटच्या दहिवरातून वाचते. सरोवर नसतं तर बागा नसत्या. आणि सरोवर नसतं तर हा एवढा बर्फही नसता. कॅनडाकडून कोरडा बोचरा वारा येतो, नोव्हेंबरात पाणी अजून कोमट असतं. पाणी आणि दीडेक किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात तेराएक अंशांचा फरक पडला की वाफ उचलली जाते, वाऱ्याच्या दिशेनं ढगांचा पट्टा तयार होतो आणि काठावरची टेकडी आडवी आली की तो तिथं रिकामा होतो. अरबी समुद्रावरचे ढग आंबोली-महाबळेश्वरला रिते होतात आणि आमचं तासगाव कोरडं राहतं, तोच न्याय. फक्त हा पट्टा फार अरुंद असतो. किनाऱ्यावरच्या गावात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पाच मैलांवर आमच्या दारात ताशी दोन-तीन इंच बर्फ पडत असतो.

हे आकडे नुसते ऐकून कळत नाहीत. २०१७ च्या नाताळच्या दिवशी एरी शहरात एका दिवसात ३४ इंच बर्फ पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत ८० इंच, म्हणजे साडेसहा फुटांहून जास्त. पण मला आकड्यांपेक्षा त्याच वर्षीचा डिसेंबर आठवतो. नाताळच्या तोंडावर बफलोत दीड दिवस हिमवादळ हललंच नाही, आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. काही रस्त्यात अडकलेल्या गाडीत, काही वीज जाऊन थंड पडलेल्या घरात, काही फावड्यानं बर्फ उपसताना हृदय बंद पडून, आणि काही रुग्णवाहिका दारापर्यंत पोचू शकली नाही म्हणून. अमेरिकेसारख्या देशात, शहरात, फोन चालू असताना. त्या बातम्या वाचल्यापासून दारातला बर्फ काढणं हे घरकाम आहे असं मला वाटत नाही.

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत दोनशे फुटांची खडीची वाट आहे, चढाची. पहिली दोन वर्षं मी फावडं वापरलं. ताजा भुसभुशीत बर्फ हलका, पण जरा ऊब मिळून ओला झाला की एक फावडं उचलताना कंबर बोलते. मग एका पिकअपवाल्याशी हंगामाचा करार केला. पिकअपच्या पुढे पातं लावून तो यायचा, पाच मिनिटांत ढकलून जायचा. रोजच्या चार-सहा इंचांना तो ठीक होता. खरं वादळ आलं त्या दिवशी मात्र त्याची स्वतःचीच गाडी खड्ड्यात गेली होती, आणि आम्ही अडीच दिवस घरात अडकून पडलो. त्या अडीच दिवसांनी ट्रॅक्टर घ्यायला लावला. जुना घेतला, तेवीस अश्वशक्तीचा, नारिंगी कुबोटा, पुढे लोडरची बकेट, चारही चाकांना जोर. पायाखालच्या पेडलवर पुढे-मागे जाणारा, म्हणजे दर खेपेला गिअर बदलायला नको. बर्फात तेच काम शंभर वेळा करायचं असतं.

अण्णांना व्हिडिओवर दाखवला. त्यांनी रंगावरूनच ओळखला. त्याच कंपनीचे, त्याच रंगाचे छोटे ट्रॅक्टर आता सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांतून फिरतात, ओळीच्या मापात बसतात म्हणून. मग कॅमेरा मागे नेला.

"हे तर रोटरच की रं! उलटा जोडल्यागत दिसतंय."

"रोटर न्हाई अण्णा, ब्लोअर."

"पीटीओ किती फिरतोय?"

"पाचशे चाळीस."

"आपल्यासारखाच की. शेअर बोल्ट हाय न्हवं?"

आयुष्यात ज्यांनी फ्रीजच्या बाहेरचा बर्फ पाहिलेला नाही, त्यांनी यंत्राची नस बरोबर धरली. ब्लोअरचं तोंड म्हणजे आडवा फिरणारा सर्पिल दांडा. तो दोन्हीकडून बर्फ ओढून मधोमध आणतो. तिथं मागे पंखा असतो, तो बर्फ धरून नळकांड्यातून वीस-तीस फूट लांब फेकतो. क्यूबेकमधल्या आर्थर सिकार्ड नावाच्या माणसानं १९२५ साली असं यंत्र बनवलं आणि दोन वर्षांनी माँट्रियलजवळच्या गावाला पहिलं विकलं. तो दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरातला. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की दूध शहरात जाईना, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. मळणीयंत्र दाणे ओढून घेतं आणि भुसा उडवतं ते बघून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. मला ते पटतं. मळणी बघितलेल्या कुणालाही ब्लोअर चालताना बघून खळंच आठवेल.

अण्णांना सगळ्यांत जास्त आवडली ती टायरची गोष्ट. मागच्या चाकांना वजन हवं म्हणून आपल्याकडे टायरात पाणी भरतात. इथं पाणी गोठून दगड होईल, म्हणून बिटाच्या साखरेनंतर उरलेला पाक भरतात, तो गोठत नाही. म्हणजे मळीच. साखर कारखान्याच्या जिल्ह्यातला माणूस तो. त्यांनी ते आईला बोलावून सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात मला पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

इथं डिझेलचीही काळजी घ्यावी लागते. कडक थंडीत त्यातलं मेण सुटं होऊन गाळणीत अडकतं आणि ट्रॅक्टर सेल मारून मारून दमतो. म्हणून नोव्हेंबरपासून हिवाळी डिझेल, वरून थेंबभर औषध, आणि रात्री इंजिनाला विजेवरचा हीटर लावून ठेवायचा. सुरू झाल्यावर दहा मिनिटं नुसता चालू ठेवायचा, हायड्रोलिकचं तेल सैल व्हायला. त्या दहा मिनिटांत मी फावडं घेऊन घराच्या मागे जातो.

हे पहिलं काम, आणि ते ट्रॅक्टरचं नाही. घर गरम करणाऱ्या भट्टीचा धूर इथं बऱ्याच घरांत भिंतीतून आडव्या नळीनं बाहेर काढलेला असतो, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर. वाऱ्यानं बर्फाचा ढीग तिथं लागला की नळी बंद होते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात फिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस झोपेतच राहतो. म्हणून आधी माझी नळी मोकळी करतो, मग शेजारची.

शेजारचे आजोबा चौऱ्याऐंशीचे आहेत. चाळीस एकर काँकॉर्ड लावलेला माणूस; आता बागा भाच्याकडे दिल्यात. मी नवीन होतो तेव्हा त्यांच्याकडे १९५० च्या सुमाराचा करडा-लाल फोर्ड ८एन ट्रॅक्टर होता, मागे नुसतं एक लोखंडी पातं. पहिल्या हिवाळ्यात मी फावडं घेऊन बाहेर पडलो की अर्धी वाट आधीच निघालेली असायची. ते काही बोलायचे नाहीत, हात वर करून निघून जायचे. मी कुणाला तरी म्हटलं, मी त्यांचे आभार कसे मानू? तर उत्तर आलं, काही नको, तुझं काम झालं की पुढच्याचं बघ. ते पुढं त्यांच्याच घरापर्यंत येऊन पोचेल, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. फोर्डवर चढणं संपलं. त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते काठी टेकत आमच्या दारात आले, काखेत नारिंगी काठ्यांची मोळी. वाटेच्या दोन्ही कडांना या काठ्या जमीन गोठण्याआधी ठोकाव्या लागतात. एकदा सगळं पांढरं झालं की कड कुठली, खड्डा कुठला, बायकोनं लावलेला गुलाब कुठला, काही समजत नाही. "माझ्या वाटेला चोवीस लागतात," एवढं म्हणाले आणि मोळी पायरीवर ठेवली. मी त्या दुपारी चोवीस काठ्या ठोकल्या. त्यांनी काही मागितलं नाही आणि मीही काही कबूल केलं नाही, पण कारभार हातात आला.

त्यांच्या घरच्या आजींचं आता डायलिसिस चालतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सव्वापाचला गाडी निघाली पाहिजे. त्यामुळे त्या तीन दिवशी माझी पहाट साडेतीनला होते. आधी त्यांची वाट, मग माझी. हा क्रम मोडत नाही.

बर्फ काढायचं कामही शिकावं लागतं. सुरुवातीला वाटायचं, लवकर उरकावं, म्हणून जवळच फेकायचो. आजोबा खिडकीतून बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नोव्हेंबरचा बर्फ लांब फेक, फेब्रुवारीला जागा लागेल. खरंच लागते. कडेचा ढीग वाढत वाढत वाट आवळत आणतो आणि शेवटी गाडीचे आरसे घासायला लागतात. हलवलेला बर्फ तसाच सोडला की कण एकमेकांना चिकटून सकाळपर्यंत भिंत होते, तो पुन्हा सरकत नाही. म्हणून एकदा हलवला की तिथंच राहणार आहे असं धरून टाकायचा. वाऱ्याच्या पाठीनं टाकायचा, नाहीतर सगळा स्वतःच्या तोंडावर येतो. मार्चमध्ये वितळल्यावर पाणी कुठं जाईल, तळघरात की उतारावर, हेही नोव्हेंबरातच बघायचं. रस्त्यावर ढकलायचा नाही. तो कायद्यानंही गुन्हा आहे आणि मागून येणाऱ्या माणसाच्या जिवावरचा खेळही. आणि जमीन नीट गोठेपर्यंत ब्लोअर इंचभर उचलून धरायचा, नाहीतर अर्धी खडी गवतात जाते. मी पहिल्या वर्षी ती मे महिन्यात घमेल्यात वेचली.

मागे जोडलेला ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टर उलटा चालवायचा. मान सतत मागे वळलेली. दीड तासानं मान जागेवर येत नाही. पुढे जोडायचे ब्लोअर मिळतात, पण ते महाग, आणि लोडर काढून बसवावे लागतात. मला लोडर हवा असतो, कारण वाटेच्या तोंडावरून बर्फ ढकलणारा मोठा ट्रक जातो. कौंटीचा. तो रात्री रस्ता साफ करत जातो, छताला नारिंगी दिवा फिरत असतो, आणि जाताना प्रत्येक वाटेच्या तोंडाशी मिठानं भिजलेल्या, सिमेंटसारख्या घट्ट बर्फाचा बांध घालून जातो. त्याला इलाज नाही. रस्ता मोकळा व्हायचा तर तो बर्फ कुठंतरी जाणारच. तो बांध बकेटनं फोडायचा, मग ब्लोअरनं उडवायचा.

मागच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारची गोष्ट. उणे पंधरा होतं. आजींच्या वाटेच्या तोंडाशी बांध फोडून ब्लोअर घातला आणि खाडकन आवाज झाला. दांडा फिरायचा थांबला, इंजिन आपलं चालूच. बांधात लाकडाचा ओंडका गोठून बसला होता. शेअर बोल्ट तुटला. हा बोल्ट मुद्दाम मऊ लोखंडाचा असतो. काही कठीण आडवं आलं की तो आधी तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातलं कुणीतरी पुढे होऊन मार खातं तसा. पीटीओ काढला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. ब्लोअरच्या तोंडात हात घालायच्या आधी हे तिन्ही करायचंच. पंख्यात अडकलेला बर्फ काढतानासुद्धा हातानं नाही, काठीनं. या यंत्रांनी फार बोटं घेतलीत. मग हेल्मेटच्या दिव्यात तुटलेला तुकडा भोकातून ठोकून काढायचा होता. हातमोज्यात नट धरता येत नव्हता. मोजा काढला, नट बोटात घेतला आणि तो कातडीला चिकटला. पहिला नट बर्फात पडला, गेला. दुसरा तोंडात धरून थोडा उबवला, मग बसला. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सव्वापाचला गाडी खाली उतरली. काचेतून आजींनी हात केला की नाही ते मला दिसलं नाही, काच धुक्यानं भरली होती.

त्या दिवशी सकाळी घरी आल्यावर बोटं कोमट पाण्यात धरून बसलो आणि अण्णांची आठवण आली. पहाटेपासून औषध मारून ते घरी यायचे तेव्हा दाखवण्यासारखं काही नसायचं. नांगरलं तर तास दिसतात, पेरलं तर उगवतं. फवारणीत सगळं बरोबर झालं तर काहीच होत नाही. पानावर डाग येत नाही, घड कुजत नाही, लोक म्हणतात यंदा रोग कमीच होता. न आलेला दावण्या कोण मोजणार? बर्फ काढण्याचंही तसंच आहे. दुपारपर्यंत वाट काळी पडते, संध्याकाळी पुन्हा पांढरी होते. आजी वेळेवर पोचल्या, परत आल्या, जेवल्या, झोपल्या. काहीही घडलं नाही. मला आता वाटतं, अण्णांनी हयातभर हेच काम केलं, आणि मी ते अंथरुणात पडून ऐकलं तरी मला समजलं नव्हतं.

एक मत स्पष्ट सांगतो. शहरातल्या पन्नास फुटांच्या डांबरी वाटेला ट्रॅक्टर लागत नाही. हातानं ढकलायचा छोटा ब्लोअर पुरतो, आणि लोडर-ब्लोअरसकट नव्या ट्रॅक्टरला लहान गाडीएवढे पैसे पडतात. पण टेकडीवरच्या, लांब वाटेच्या, म्हाताऱ्या माणसांच्या वस्तीत चार घरांमागे असा एक ट्रॅक्टर असला आणि तो चालवणारा एक माणूस असला, तर चार घरांतली माणसं हिवाळ्यात आपापल्या घरात राहू शकतात. नाहीतर मुलं येतात आणि त्यांना दूरच्या शहरातल्या एका खोलीत घेऊन जातात. आजोबांच्या मुलीनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी खिडकीतून माझ्या शेडकडे बोट केलं.

हे लिहितोय तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा आहे. चार दिवस झाले, ऊन आहे. वाटेवरची खडी वर आली आहे, काठ्या वाकड्या झाल्या आहेत. मला ब्लोअर उतरवून, धुऊन, ग्रीस लावून शेडच्या मागे ठेवायची घाई झाली होती. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, द्राक्षाचे डोळे फुगेपर्यंत उतरवायचा नाही, ऐंशी वर्षांत आमच्या घरात कुणी पातंसुद्धा त्याआधी उतरवलेलं नाही. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हाताऱ्याचं ऐक."

सकाळी खाली आजोबांच्या भाच्याच्या बागेत जाऊन आलो. चार-पाच काड्या हातात घेऊन पाहिल्या. डोळे अजून घट्ट आहेत, तपकिरी, कोरडे. ब्लोअर जोडलेलाच आहे.